उतरलेले वजन आणि परतीची भीती

रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवर पूर्वी वजनाची उंच यंत्रे उभी असत. काचेआड रंगीत दिवे फिरत. नाणे टाकले की आतून जाड कागदाचे एक लहानसे तिकीट खाली पडे. त्याच्या एका बाजूस वजन छापलेले असे आणि दुसऱ्या बाजूस भविष्य. गाडीची वाट पाहणारी मुले आधी भविष्य वाचीत आणि मग वजन. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, अशी शंका कोणाच्याही मनात येत नसे. परंतु आज समाजात असा एक वर्ग निर्माण झाला आहे, की ज्याला आपले भविष्य वजनाच्या आकड्यातच लिहिलेले दिसते. वजन कमी करण्यासाठी ज्यांनी पोटावर शस्त्रक्रिया करवून घेतली आहे, अशा माणसांचा हा वर्ग होय.

अशी एक बाई कल्पावी. दक्षिण दिल्लीत मुनिरका नावाची वस्ती आहे. एके काळचे ते जाटांचे गाव. टोकस घराण्यांची घरे तेथे अजून आहेत. दिल्ली वाढत वाढत त्याच्याभोवती येऊन थांबली आणि गाव शहराच्या पोटात राहिले. एका अंगाला चिंचोळ्या गल्ल्यांतून उभी राहिलेली चार-चार, पाच-पाच मजल्यांची घरे व त्यांत भाड्याने राहणारे विद्यार्थी, दुसऱ्या अंगाला दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका, आणि समोर बाह्य वर्तुळमार्गावरून अखंड धावणारी वाहने. त्या सदनिकांपैकी एकीत साताऱ्याकडून आलेले एक मराठी कुटुंब राहते. यजमान केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरीस आहेत. बाईंचे वय पन्नाशीच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी त्यांचे वजन ११२ किलो होते. मधुमेह होता, गुडघे दुखत होते, आणि जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबावे लागे. शस्त्रक्रिया झाली आणि दीड वर्षात वजन ७४ किलोंवर आले. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. साताऱ्याला गेल्यावर नणंद म्हणाली, “वहिनी, ओळखलंच नाही हो तुम्हांला!” त्या वाक्याचे सुख बाईंनी पुष्कळ दिवस मनात जपून ठेवले.

आता काटा ७९ दाखवितो. पाच किलो परत आले आहेत. बाई पहाटे उठून कोणी पाहत नाही असे बघून काट्यावर चढतात. स्वयंपाकघरात पाणी पिऊन आल्या की पुन्हा चढतात. जुने मोठे पोलके पेटीच्या तळाशी होते, ते काढून एकदा अंगाला लावून पाहिले आहे. रात्रीचे जेवण त्यांनी आपल्याच मनाने बंद केले आहे. तपासणीची ठरलेली तारीख दोन वेळा टळली आहे. कारण डॉक्टर विचारतील आणि आपल्याला उत्तर देता येणार नाही, असे त्यांना वाटते. यजमानांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले होते, तेही वाया गेले असे त्यांच्या मनाने घेतले आहे. ही बाई कल्पनेतील असली, तरी तिची चिंता कल्पनेतील नाही. अशी शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक प्रत्येकाच्या आयुष्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हा प्रसंग कमीअधिक प्रमाणात येतो. म्हणून या भीतीत खरे किती आणि खोटे किती, हे शांतपणे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम या शस्त्रक्रियेचे स्वरूप पाहू. तिचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात क्रेमेन व त्यांचे सहकारी यांनी १९५४ साली लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याच्या प्रयोगांची माहिती प्रसिद्ध केली. त्या मार्गाने वजन उतरे, परंतु शरीराचे पोषणही ढासळे; म्हणून तो मार्ग पुढे सोडून द्यावा लागला. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन या शल्यविशारदाच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. व्रणामुळे ज्यांच्या जठराचा भाग कापून काढावा लागे, अशा रोग्यांचे वजन कमीच राही. या निरीक्षणावरून त्यांनी १९६६ साली जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया केली. हीच आजची ‘बायपास’. तीत जठराच्या वरच्या टोकाशी अगदी लहानशी पिशवी ठेवतात आणि तिला लहान आतड्याचा पुढचा भाग जोडतात. दुसरी पद्धत ‘स्लीव्ह’ या नावाने ओळखली जाते. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग काढून टाकून केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भारतात आज हीच पद्धत अधिक प्रचारात आहे.

सामान्य समजूत अशी, की पोट लहान केले म्हणजे अन्न कमी मावते आणि म्हणून वजन उतरते. ही समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे. भूक ही केवळ पोटाच्या पोकळीची भाषा नव्हे. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. शरीरातील चरबी हे द्रव्य रक्तात सोडते आणि साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देते. १९९९ साली जपानमधील कोजिमा व कांगावा यांना घ्रेलिन सापडले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि भूक चेतविते. स्लीव्हच्या शस्त्रक्रियेत हाच फुगीर भाग निघून जातो. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचते आणि तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके अधिक स्रवतात. म्हणजे शस्त्रक्रिया पात्राचा आकार बदलते, तशीच शरीर व मेंदू यांच्यामधील निरोपांची ये-जाही बदलते. मधुमेह पुष्कळदा वजन फारसे उतरण्यापूर्वीच आटोक्यात येऊ लागतो, तो यामुळेच.

मग उतरलेले वजन परत का येते? याचे उत्तर समजण्यासाठी उपाशी माणसांकडे पाहावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, त्याच मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. हे तरुण युद्धास नकार देणारे होते आणि स्वेच्छेने प्रयोगात आले होते. २४ आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे चौथाईने घटले. वजनाबरोबर त्यांच्या शरीराचा दैनंदिन खर्चही आखडला आणि मन रात्रंदिवस अन्नाभोवती घोटाळू लागले. पाककृतींची पुस्तके त्यांना अचानक प्रिय झाली. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्यांची भूक कित्येक महिने शमली नाही. हे तरुण हावरट नव्हते. दुष्काळातून वाचलेल्या शरीराने आपली कोठारे पुन्हा भरण्याचा निश्चय केला होता, एवढाच त्याचा अर्थ.

अलीकडचे दुसरे उदाहरण अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरच्या एका स्पर्धेचे आहे. तीत अतिस्थूल स्पर्धक कडक आहार व कठोर व्यायाम करून वजन उतरवीत. अशा १४ स्पर्धकांची केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासणी केली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पर्धेत प्रत्येकाचे सरासरी ५८ किलो वजन उतरले होते. त्यांपैकी ४१ किलो परत आले होते. याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर जितकी ऊर्जा खर्च करावी अशी अपेक्षा होती, त्याहून दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत होते. सहा वर्षे उलटली तरी शरीर गेलेल्या वजनाला विसरले नव्हते.

आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांनाही या गोष्टीची चाहूल लागलेली दिसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल व अतिकृश अशा दोन्ही माणसांचा विचार आला आहे, आणि दोघांत अतिस्थूलाची चिकित्सा अधिक कठीण मानली आहे. मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यात फिरतो, अग्नी प्रदीप्त होतो, अन्न लवकर पचते आणि पुन्हा भूक लागते, अशी त्याची उपपत्ती तेथे दिली आहे. ती उपपत्ती आजच्या शरीरशास्त्राची नव्हे. पण स्थूल माणसाची भूक हा त्याच्या शरीराचा व्यापार आहे, हे त्या वैद्यांनी ओळखले होते. त्या मानाने “जिभेवर ताबा नाही” एवढे म्हणून मोकळा होणारा आजचा शेजारी वैद्यकात मागासलेला म्हणावा लागेल.

तेव्हा मुनिरक्याच्या बाईंचे पाच किलो हा त्यांच्या चारित्र्याचा दोष नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे वर्ष-दीड वर्ष वजन उतरत राहते. मग ते एका ठिकाणी थांबते आणि पुढे थोडेसे वर सरकते. ही थोडीशी चढण जवळजवळ सर्वांच्याच वाट्याला येते. खरा प्रश्न ती चढण कोठवर जाते हा आहे, आणि या प्रश्नाला आता अनुभवाचे भक्कम उत्तर मिळाले आहे.

स्वीडनमध्ये १९८७ पासून लार्स शोस्त्रोम यांच्या नेतृत्वाखाली ४,०४७ स्थूल व्यक्तींचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यांपैकी २,०१० जणांवर शस्त्रक्रिया झाली होती. उरलेल्यांवर नेहमीचे उपचार चालू होते. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले आणि दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्के खाली स्थिरावले. अमेरिकेतील यूटा राज्यात झालेल्या बारा वर्षांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे बायपासनंतर दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो वजन कमी झाले होते, सहा वर्षांनी ३६ आणि बारा वर्षांनी ३५. म्हणजे दहाएक किलो परतले, ते मुख्यतः पहिल्या काही वर्षांत. पुढे शरीर बरेचसे स्थिर राहिले. बारा वर्षांनी तपासलेल्या ३८७ जणांपैकी ज्यांचे गेलेले सारेच वजन परत आले, असे किती असावेत? केवळ चार.

हा चाराचा आकडा भीती बाळगणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. रात्री जाग आल्यावर बाईंच्या डोळ्यांपुढे ११२ किलो उभे राहतात. परंतु अनुभव सांगतो, की त्या टोकापर्यंत परत जाणारे शंभरांत एखादेच असते. ३८ किलोंपैकी ५ परत आले, म्हणजे ३३ गेले ते गेलेलेच आहेत. हे साधे वजाबाकीचे गणित भीतीच्या भरात सुचत नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. स्लीव्हनंतर वजन टिकण्याचे प्रमाण बायपासपेक्षा थोडे कमी आहे. फिनलंडमध्ये २४० रोग्यांवर दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना केली, तेव्हा दहा वर्षांनी जादा वजनापैकी उतरलेला भाग स्लीव्हमध्ये सुमारे ४४ टक्के व बायपासमध्ये सुमारे ५१ टक्के आढळला. म्हणजे निष्काळजीपणास जागा नाही. पण हवालदिल होण्याचेही कारण नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट स्वीडनच्या अभ्यासात दिसून आली. वजनाचा काही भाग परत आला असूनही शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी राहिले. वय, लिंग व इतर धोके हिशेबात घेऊन ते सुमारे २९ टक्क्यांनी कमी ठरले. शस्त्रक्रियेचे फळ केवळ किलोंत मोजावयाचे नसते, हाच त्याचा अर्थ. या बाबतीत पुण्याच्या एका कामाची आठवण होते. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा दोघांना एकच न्याय देत होता आणि दोघांची शरीरे निराळी होती. भारतीय माणूस दिसावयास सडपातळ असूनही आतून चरबी बाळगून असतो, हे याज्ञिकांनी जगाला पटवून दिले. म्हणूनच ज्या निर्देशांकापासून शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा, ती मर्यादा आशियाई लोकांसाठी खाली आणली गेली आहे. सकाळच्या काट्याने सांगितलेला आकडा हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. रक्तातील साखर, रक्तदाब, कमरेचा घेर, गुडघ्यांचे दुखणे, न थांबता चढलेले जिने, या सर्वांची साक्ष घेतल्यावाचून निकाल लागू शकत नाही. शिवाय मीठ, पाणी, मासिक पाळी यांमुळे दोन दिवसांत वजन किलो-दीड किलो इकडेतिकडे होते. दिवसातून तीन वेळा काट्यावर चढणाऱ्यास ही भरती-ओहोटी म्हणजे मोठे संकट वाटते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी व ठरलेल्या वेळी वजन करणे पुरे होते.

तरीही काही जणांचे वजन थोडे न थांबता चढतच जाते. त्याची कारणेही ठाऊक झालेली आहेत आणि ती पुष्कळदा अगदी साधी असतात. लहान झालेले जठर भाकरी-भाजीला लवकर अडविते, परंतु चहात बुडविलेल्या बिस्किटाला, शेवेला, सरबताला, आइस्क्रीमला अडवीत नाही. मऊ व पातळ पदार्थ त्या अरुंद वाटेने सहज खाली उतरतात. ताटावर बसून दोन घासांत तृप्त होणारी व्यक्ती दिवसभर येताजाता चिवड्याची चिमूट तोंडात टाकीत राहिली, तर संध्याकाळपर्यंत पूर्वीइतकेच अन्न पोटात गेलेले असते आणि “मी तर काहीच जेवत नाही” हे तिचे म्हणणेही खरेच असते. दिल्लीचा हिवाळा या बाबतीत विशेष मोहात पाडणारा. गजक, रेवडी, गाजराचा हलवा घरोघर येतो. याच ऋतूत दिवाळीच्या सुमारापासून हवेत धुराचा थर साचतो, पौषात धुके उतरते, आणि डॉक्टरच सकाळी बाहेर फिरू नका म्हणून सांगतात. ज्येष्ठात लू वाहते, तेव्हाही तेच. वर्षाचे निदान चार-पाच महिने फिरण्याची सवय अशी मोडते. मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेले वेळापत्रक मुनिरक्यात जसेच्या तसे चालत नाही. तेथे घरातल्या घरात करण्याचा व्यायाम, हातापायांना थोडे ओझे देण्याचा व्यायाम, आधीच ठरवून ठेवावा लागतो.

आहाराचा मुख्य नियम सोपा आहे. थोडक्या जागेत प्रथिनांना पहिला मान द्यावा. अंडे, मासळी, दही, पनीर, मटकीची उसळ, पिठले हे आधी, मग भाजी, आणि शेवटी पोळी किंवा भात. जेवताना पाणी पिऊ नये. अर्धा तास थांबून प्यावे. घास लहान असावा व पुष्कळ चावावा. मराठी घरात हे सारे जमण्यासारखे आहे. जमत नाही तो आग्रह. “एवढासाच तर मोदक आहे”, “सणाच्या दिवशी तरी खा” या प्रेमळ वाक्यांना नकार देण्याचे शिक्षण कोणालाच मिळालेले नसते. गंमत अशी, की जो नातेवाईक सणाला आग्रह करतो, तोच दुसऱ्या दिवशी “पुन्हा भरलात वाटतं!” असे म्हणावयास मोकळा असतो. घरातल्यांनी ताटावर पहारा ठेवणे हे तर आग्रहाइतकेच वाईट. ज्याच्या ताटावर पहारा असतो, तो ताट सोडून डब्याकडे वळतो.

परंतु या भीतीचा खरा धोका वजनात नाही. भीतीने माणूस दोन चुका करतो. पहिली चूक उपाशी राहण्याची. शस्त्रक्रियेनंतर शरीरात ब-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची तूट पडू शकते. म्हणून त्यांची पूरके जन्मभर घ्यावी लागतात. शाकाहारी घरांत ब-१२ची वाण आधीच असते. अशा स्थितीत जेवण तोडले, प्रथिने तोडली, की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात, थकवा येतो. थकलेले शरीर हालचाल कमी करते आणि जे टाळावयाचे तेच घडते. उलट्या होत असताना उपास चालू राहिला, तर थायामिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जासंस्थेलाच इजा पोहोचण्याचा संभव असतो. पाच किलोंच्या भीतीने पत्करलेला हा धोका पन्नास किलोंहून भारी आहे.

दुसरी चूक तपासणी टाळण्याची. लाज ही त्याचे मूळ. शस्त्रक्रिया केली म्हणजे सोपी वाट धरली, असे लोक आधीच म्हणत असतात. त्यात वजन परत आले म्हणजे तेही जमले नाही, असा दुहेरी ठपका. मग रोगी दवाखान्याचे तोंड चुकवितो, आणि ज्या वेळी थोडक्यात काम भागले असते ती वेळ निघून जाते. वास्तविक वजन वाढू लागले की पाहण्याजोग्या पुष्कळ गोष्टी असतात. थायरॉईड मंदावले आहे काय? स्टिरॉइड, काही मानसिक विकारांची औषधे, इन्सुलिन यांपैकी वजन वाढविणारे काही चालू आहे काय? झोप पुरेशी आहे काय? मनावर उदासीनतेचे ओझे आहे काय? जठराची पिशवी किंवा नळी पसरली आहे काय? यांपैकी प्रत्येक प्रश्नाला काही उपाय आहे. गेल्या काही वर्षांत नवी औषधेही आली आहेत. सेमाग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शने तृप्तीच्या संप्रेरकांचे अनुकरण करतात. २०२५ मध्ये ती वजनावरील उपचार म्हणून भारतात विक्रीस आली. शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या वजनासाठीही डॉक्टर त्यांचा विचार करतात. मात्र तीही जादू नव्हे. सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत येतो, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. यावरून पुन्हा तीच गोष्ट सिद्ध होते. स्थूलता हा मधुमेहासारखा, रक्तदाबासारखा दीर्घकाळ सोबत करणारा विकार आहे. मधुमेही माणसाची साखर वाढली तर डॉक्टर औषध बदलतात. त्या माणसाला कोणी गुन्हेगार समजत नाही. हाच न्याय वजनाला का लावू नये?

दिल्लीत वावरणाऱ्या मराठी माणसांत या बाबतीत एक ठळक उदाहरण आहे. श्री. नितीन गडकरी भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, २०११ साली, त्यांच्यावर मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये, केंद्रीय मंत्री असताना, उज्जैनच्या जाहीर सभेत त्यांनी आपले वजन पूर्वी १३५ किलो होते व आता ९३ किलो आहे, असे मोकळेपणाने सांगितले. राजकारणातील मतभेद ज्याचे त्याने ठेवावेत. आपले जुने व नवे वजन चारचौघांत सांगण्यात संकोच कसला, हा धडा मात्र घेण्याजोगा आहे. ज्या गोष्टीचा उच्चार करता येतो, तिची भीती निम्मी होते.

हा प्रश्न काही थोड्या श्रीमंतांचा राहिलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. दिल्लीत हे प्रमाण ४१ टक्क्यांवर होते. मुनिरक्यातच बाबा गंगनाथ मार्गावर राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था उभी आहे, आणि थोड्याच अंतरावर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या दारी देशभरातून रोगी येतात. ज्ञान आणि उपचार असे हाकेच्या अंतरावर असताना, त्याच वस्तीतील एखादी बाई केवळ लाजेपोटी चार भिंतींत काट्याशी झुंजत राहावी, हे दुःखाचे आहे. तिला उपदेशाची गरज नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच कोणीतरी तिला सांगावयास हवे होते, की थोडे वजन परत येईल, ते आले की घाबरू नका, इकडे या.

म्हणून अशा घरांतील माणसांनी एवढेच करावे. आकडा विचारू नये; तारीख विचारावी. पुढची तपासणी केव्हा आहे, रक्त केव्हा द्यावयाचे आहे, बरोबर कोण जाणार आहे, एवढी चौकशी पुरेशी आहे. मुनिरक्याच्या त्या बाईंना यजमान एखाद्या संध्याकाळी म्हणाले, “उद्या मी रजा टाकतो, आपण दोघं जाऊन येऊ”, तर तीन वर्षांपूर्वी खर्चिलेल्या पैशांचे खरे रक्षण त्या एका वाक्याने होईल. डॉक्टर ७९ हा आकडा टिपून घेतील, साखर पाहतील, ब-१२ तपासतील, बंद केलेले रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करावयास सांगतील. स्थानकावरच्या त्या जुन्या तिकिटाच्या पाठीवर भविष्य छापलेले असे. बाईंच्या हाती येणाऱ्या कागदावर पुढे येण्याची तारीख लिहिलेली असेल, आणि भविष्यापेक्षा तिचा भरवसा अधिक आहे.